बाप्पांचा अपलोड

गणपती बसल्याच्या चौथ्या दिवशी फरीदाबादमधल्या एका घरगुती ब्रॉडबँड कनेक्शनचा कोटा संपला. महिना नुकताच सुरू झाला होता.

कोटा म्हणजे महिन्याला ठरवून दिलेला डेटा. तो संपला की लाइन तुटत नाही. सिस्टिम आपोआप स्पीड कमी करते. मेल जातो, व्हिडिओ अडकतो. घरातून बाहेर पाठवलेला डेटाही त्यात मोजतात. त्याला अपलोड म्हणतात. या घरचा जवळजवळ सगळा वापर अपलोडचा होता.

"सर्व्हर चला रहा है कोई," नोएडाच्या ऑफिसात चावलासर म्हणाले. "जाओ, देखो. कमर्शियल निकला तो लाइन काट दो."

ग्राहकाचं आडनाव गोखले होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मला पाठवलं.

"नेटवाले ना? चपला बाहेर," सुलभाताई गोखले म्हणाल्या.

कॉम्प्युटर मखरासमोर होता. वेबकॅम सुतळीने स्टुलाला बांधला होता.

"गणपती असताना घर रिकामं ठेवत नाहीत. हे ऑफिसात, मी मंडळात. मग मुलगा लक्ष ठेवतो. मंदार."

"कुठून?"

"न्यू जर्सीहून. झोपला तरी चालू ठेवतो. आणि आज लाइन कापू नका हं. संध्याकाळी मंडळात माझं गाणं आहे. मी नाही गेले तर शोभा गाईल. शोभाला ऐकलंय तुम्ही?"

मी ऐकलं नव्हतं. चावलासरांना फोन लावला.

"सर, सर्व्हर नहीं है. गणपतीजी हैं."

"कमर्शियल तो नहीं?"

"नहीं सर. प्रसाद फ्री है."

"ठीक है, मत काटो. पर स्पीड नहीं बढ़ेगी. लिमिट सबके लिए है."

सुलभाताईंनी मंदारला फोन लावून स्पीकरवर घेतलं. "बाप्पा दिसतायत का रे?"

"एकदम क्लिअर, आई."

मी विचारलं, "फूल कोणतं आहे?"

"लाल जास्वंद."

समोर पिवळी शेवंती होती. जास्वंद कालची. व्हिडिओ कालच गोठला होता.

"कालपासून तू फोटो बघतोयस?" सुलभाताई ओरडल्या. "मी तुझ्या भरवशावर मंडळात गेले होते!"

"आई, ते तसेही हलत नाहीत गं."

"आरतीला हलतात."

मी व्हिडिओ बंद केला. कॅमेरा थोड्या थोड्या वेळाने एकेक फोटो मंदारला मेल करील अशी सोय केली. कमी स्पीडला तेवढं झेपतं.

"फोटो चालतो का पण?" त्यांनी विचारलं. मग घड्याळ पाहिलं आणि साडी बदलायला गेल्या.

निघताना म्हणाल्या, "पहिला फोटो पोचेपर्यंत बसा. झाकलेल्या ताटात मोदक आहेत. पोचला की मगच घ्या. जाताना दार ओढून घ्या."

सुलभाताई मंडळात गायल्या. फोटो पोचला. मंदारने तो आमच्या तक्रार विभागाला पाठवला आणि मखरासमोर मोदक खाणारे गृहस्थ कोण, असं विचारलं. चावलासरांनी तो माझ्या व्हिजिट रिपोर्टला जोडला.