आईच्या खानावळीतला पंखा

आमच्या मजल्यावरचा पहिला विजेचा पंखा आमच्या खोलीत आला आणि तो माझ्या आईने आणला. बाबांनी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे चाळीत जो तो ‘गिरणीवाल्याने पंखा घेतला’ म्हणायचा आणि माझं डोकं फिरायचं. गिरणीवाल्याचा, म्हणजे बाबांचा, पगार निम्मा गावी मनिऑर्डरीने जायचा. पंखा खानावळीचा होता.

लालबागच्या चाळीत आमची एकच खोली. मागच्या भिंतीला खिडकी, पुढे गॅलरीकडे दार आणि दाराशेजारी दुसरी खिडकी. त्या खोलीत आई गिरणीतल्या माणसांना दोन वेळ जेवू घालायची. बहुतेक सगळे आमच्या गावाकडचे, बाबांबरोबर साचेखात्यात, म्हणजे मागांवर काम करणारे. बायकामुलं कोकणात आणि पोट आमच्या खोलीत, असा त्यांचा संसार. तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा तिला मावशी म्हणत. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते आणि आमटी वाढायची.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. पाळी सुटली की मंडळी सभेला आणि सभा सुटली की थेट आमच्या पंगतीला. घोषणा देऊन घसे इतके बसलेले असायचे की भात हवा की नको हेही हातानेच सांगायचे. आई म्हणायची, “आवाज थंयच ठेवन् इलास काय रे सगळे?” पण अशा दिवशी ती आमटीला चार कोकमं जास्त टाकायची, घशाला बरं म्हणून.

त्या वर्षीच्या वैशाखात खोलीची नुसती भट्टी झाली होती. कोपऱ्यात कोळशाची शेगडी, खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं आणि वर तापलेली कौलं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या खानावळवालीने टेबलावरचा पंखा आणला. झालं! आमच्या पंगतीत कुजबुज सुरू झाली. खानावळीत माणूस महिन्याच्या बोलीवर जेवतो. पगार झाला की पुढचा महिना कुठे जेवायचं ते ठरवतो. दोघे पगाराची वाट न बघताच खाली गेले, आणि बाकीच्यांची नजर जिन्याकडे लागली. ही माणसं गेली असती तर आमची चूल थंड पडली असती आणि माझी शाळाही सुटली असती. दुसऱ्या दिवशी आईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ नव्हती, नुसती काळी पोत होती.

पंखा जुना, कुठल्याशा पारशी बंगल्यातून उतरवलेला. आईला वाटलं होतं, पंखा घेतला की काम संपलं. छे! नाक्यावरचा वायरमन आला आणि त्याने एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. तुळईला हूक लागेल, त्याचे वेगळे. वायर ओढायची, तिचे वेगळे. रेग्युलेटर वेगळा, मजुरी वेगळी. आई म्हणाली, “आणि वाऱ्याचे?” पंगत खो खो हसली, वायरमनही हसला, पण एक पैसा कमी केला नाही.

पंखा लागला त्या संध्याकाळी आईने त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. अख्खा मजला दारात जमला होता. बटण दाबलं, पाती फिरली, सगळे “वा!” म्हणाले. मग जमलेले आपापल्या खोलीत गेले, बाबांनी दार आणि दोन्ही खिडक्या नीट लावून घेतल्या, आणि पहिली पंगत बसली.

आणि काय सांगू! आमटी वाढून होईपर्यंत माणसं घामाने निथळायला लागली. पंखा गरगर फिरतोय आणि अंगाची लाही लाही होतेय. शेगडीची आच उचलून तो आमच्या तोंडावर मारत होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. “मावशीचो पंखो नाय, शेक हा,” असं कुणीतरी बोललं आणि ते जिन्याने खाली पोचायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरची नळावर मला मुद्दाम विचारते, “काय गो, थंडी वाजता काय वर?” तिच्या कळशीत माती टाकावीशी वाटली मला.

पगार दोन दिवसांवर आला. आईने मला वायरमनकडे पिटाळलं. तो पंगतीच्या वेळीच आला, स्टुलावर चढला, पंखा थांबवून हाताने फिरवला आणि मान हलवली.

“आतल्या तारेचं वाइंडिंग जळलंय, बाई. उतरवायला लागेल. नवीन भरून घ्या.” आणि त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून बाबांचा घास हातातच राहिला. तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते, आणि विकायला आता माळही नव्हती.

आई शेगडीपुढून उठली. तिचं तोंड लालबुंद झालं होतं, आचेने आणि रागानेही.

“जळलो असतो तर वास इलो असतो,” ती म्हणाली. “भात खाली लागलो तर गॅलरीच्या टोकाक बसान माका कळता. माका शिकव नुको!”

आणि ती पदराने घाम पुसत तणतणत गॅलरीत गेली. गॅलरीत छान गार वारं होतं. ती क्षणभर तिथे थांबली, मग वळून तिने खोलीकडे बघितलं.

“खिडकी कोणी लायल्यान?”

“मी,” बाबा म्हणाले. त्यांना त्यात गैर काहीच वाटत नव्हतं. “खिडकी उघडी ठेवन् पंखो लायल्यार वारो भायर जायत नाय?”

पंगतीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, डोलावणारच! सगळे साचेखात्यातले. साचेखात्यात खिडक्या कायम बंद. बाहेरची कोरडी हवा आत आली की सूत तुटतं, म्हणून वरून पाण्याचे फवारे आणि खाली माणसं उकडतायत. यंत्र सुरू झालं की खिडकी लावायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. तीन दिवसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की समोर माग नाही, पान वाढलंय.

आईने कपाळावर हात मारून घेतला. “मुंबई व्हयी म्हणान घसो फोडतत, आणि एक खिडकी उघडूची अक्कल नाय!”

मग तिने दार सताड उघडलं. मी पुढची खिडकी उघडली, तिने स्वतः मागची. वायरमनला म्हणाली, “दाब बटण.” पंखा फिरला. मागून वारं शिरलं, शेगडीची आच दारातून निघून गेली, आणि पंगतीतून इतका मोठा “हाऽऽश” निघाला की तो खालच्या मजल्यावर नक्की ऐकू गेला असणार. मला तरी तशी फार आशा होती. वायरमन अजून स्टुलाशीच घोटाळत होता. आईने त्याला पान वाढलं. “बस जेवूक. पैसे मिळाचे नाय.” तो पानावर बसला, आणि पुढच्या महिन्यापासून आमच्या खानावळीचा मेंबरच झाला!

बाबा मात्र जेवायचे थांबले होते. खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, “खात्यात अशी कोण उघडीत नाय गो. सूत तुटता.”

आई त्यांच्यासमोर उभी राहिली. गिरणीतून आलेल्या सगळ्यांच्या केसांत, भुवयांत, कानांवर कापसाचे तंतू असायचे. पंख्याच्या वाऱ्याने ते सुटून खोलीभर तरंगत होते आणि हळूहळू दाराबाहेर चालले होते. आईने ते बघितले, मग पंगतीकडे बघितलं.

“ह्यां माझा खाता,” ती म्हणाली. “हय सूत भायर गेला तरी चलात. माणसां ऱ्हवाक व्हयी.”

पगाराच्या दिवशी पंगतीतला एकही माणूस खाली गेला नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून, पाळीवरून आले की चपला काढायच्या आधी बाबा स्वतः मागची खिडकी उघडायचे.