ती ओळ मी काढून टाकली आहे

आज सकाळपासून आमच्या स्कॅन सेंटरच्या पेजवर वैशाली मॅडमच्या फोटोखाली जे हात जोडतायत, त्यातल्या कितीतरी जणांनी मॅडमना जिवंतपणी धड काम करू दिलं नाही.

मी इथं सहसा काही लिहीत नाही. कुणाचा वाढदिवस असला तर शुभेच्छा, एवढंच. आज लिहितो.

मॅडमना जाऊन एक वर्ष झालं. त्या रेडिओलॉजिस्ट होत्या आणि मी त्यांचे रिपोर्ट टाइप करायचो. क्रांती चौकाजवळच्या सेंटरमध्ये नऊ वर्षं आम्ही एका टेबलावर बसलो.

फोटोवर लिहिलंय, "अचूकतेचा ध्यास."

ते वाचून डोकं फिरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा टायपिस्टकडे प्रत्येक तपासणीचा मजकूर तयार असतो, टेम्प्लेट म्हणतात त्याला. डॉक्टर जो बिघाड सांगतात तेवढा बदलायचा. बाकी सगळीकडे आधीच "नॉर्मल" लिहिलेलं असतं.

एमआरसीपी म्हणजे पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय. त्याच्या टेम्प्लेटमध्ये एक ओळ होती. इंग्रजीत असते, पण अर्थ असा, की पित्तनलिकांची रचना नॉर्मल आहे.

मॅडम नवीन आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "ही ओळ मी कधी बोलले?"

मी म्हटलं, मॅडम, ती असतेच.

"मी बघायच्या आधीच असते व्हय?"

कन्नड तालुक्यातल्या होत्या. राग आला की गावाकडचं बोलायच्या.

त्यांनी ती ओळ काढायला लावली. तिथं जागा मोकळी ठेवायची. त्या फिल्म बघतील, सांगतील, मगच भरायची.

"रिकामं दिसलं तर कुणीतरी विचारंल. नॉर्मल दिसलं तर कुणीच नाय विचारत."

पुस्तकातल्या चित्रात यकृतातून उजवी आणि डावी अशा दोन नळ्या येतात, एक होतात आणि खाली पित्ताशयाची नळी त्यांना मिळते. बऱ्याच माणसांत तसं नसतं. कुणाची एखादी नळी फार खाली येऊन मिळते, कुणाची थेट पित्ताशयाच्याच नळीत उघडते. हा आजार नाही. माणूस जन्मभर मजेत राहतो.

पण खडे झाले, पित्ताशय काढायची वेळ आली आणि सर्जनला हे माहीत नसलं, तर भलतीच नळी कापली जाऊ शकते. पित्त पोटात सांडतं. साध्या ऑपरेशनला गेलेला माणूस महिनोन्‌महिने दवाखान्यातून बाहेर पडत नाही. कधीकधी पडतच नाही.

म्हणून मॅडम प्रत्येक रिपोर्टसोबत पेन्सिलनं नळ्यांचं चित्र काढून द्यायच्या.

वेरूळच्या एक मावशी आल्या होत्या, देवळाबाहेर बेल-फुलं विकणाऱ्या. त्यांचं चित्र काढता काढता रिपोर्टला तासभर उशीर झाला. मालक सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, इथं ड्रॉइंगची परीक्षा नाहीये."

स्टाफ हसला.

मीही हसलो होतो. ते आज लिहून टाकतो.

पुढच्या आठवड्यात सर्जनचा फोन आला. ते चित्र त्यांनी ऑपरेशन थिएटरच्या भिंतीला चिकटवलं होतं आणि नळी बरोबर चित्रातल्या जागीच निघाली होती. सर्जननी हे फोनवर दोनदा सांगितलं.

मावशी बऱ्या होऊन सीताफळं घेऊन आल्या. म्हणाल्या, "माझ्या नळ्या वायल्या हायेत म्हणं?"

मॅडम म्हणाल्या, "लई बेस हायेत, मावशी. कापणाऱ्यानं तेवढं बघून कापावं."

मग मॅडम गेल्या. हार्ट. आदल्या दिवशीपर्यंत कामावर होत्या.

पंधरा दिवसांत माझ्या कॉम्प्युटरवर नवीन फाइल आली. ती ओळ परत तिच्या जागेवर. सर म्हणाले, वेळ वाचतो.

आणि मी जवळजवळ वर्षभर ती ओळ जशीच्या तशी जाऊ दिली.

आता रिपोर्ट दुसऱ्या शहरातले डॉक्टर ऑनलाइन सांगतात. मागच्या महिन्यात चिकलठाण्याच्या एका कंपनीतला कामगार आला. ऑपरेशन दोन दिवसांवर होतं. डॉक्टरांनी खड्यांचं सांगितलं, नळ्यांबद्दल काहीच बोलले नाहीत. खाली ती ओळ होतीच. नॉर्मल.

मी डॉक्टर नाही. पण नऊ वर्षं मॅडमची पेन्सिल बघितली आहे. फिल्मवर एक बारीक नळी फार खाली जात होती.

मी फोन केला.

"तुम्ही टायपिस्ट ना?"

"हो सर."

"मग टाइप करा."

मी म्हटलं, सर, नळ्या नॉर्मल आहेत हे तुम्ही बोललेलं नाही. ते फाइलमध्ये आधीपासून आहे. एकदा फिल्म उघडून बघा.

पलीकडून माउसचे क्लिक ऐकू आले. मग त्यांनी त्या नळीबद्दल हळूहळू तीन वाक्यं सांगितली. मी टाइप केली. त्यांनी फोन ठेवला.

त्या माणसाचं ऑपरेशन नीट झालं. नंतर फिल्म न्यायला आला तेव्हा शिफ्टच्या घाईत होता. त्याला काहीच माहीत नाही.

मी मालक सरांना म्हटलं, ती ओळ काढू या. ते म्हणाले, एका केससाठी कशाला, बघू नंतर.

तेच सर आज फोटो टाकतात, अचूकतेचा ध्यास. आणि सगळ्या स्टाफनं खाली कॉमेंट करावी म्हणून ग्रुपवर मेसेज टाकतात.

ही माझी कॉमेंट.

आज कामावर गेल्या गेल्या मी ती फाइल उघडली, ओळ काढली आणि सेव्ह केली. उद्या परत टाकली तर परत काढीन. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

दुपारी ऑनलाइनवाल्या डॉक्टरांचा फोन आला. एमआरसीपीच्या रिपोर्टमध्ये ही जागा रिकामी कशी?

मॅडम, कुणीतरी विचारलं.

तुम्हाला मनापासून नमस्कार.