दौलतरावासाठी धरलेला सोमवार

गोजरबाईचा एका माणसावर भयंकर राग होता, आणि तो माणूस जगात कुठंच नव्हता. दौलतराव त्याचं नाव. कोकणात त्याचा मोठा वाडा, तीन मुलगे, चोरटं सोनं उतरवायच्या होड्या, डोंगराआड दारूच्या भट्ट्या, आणि एवढं सगळं करून अंगावर पांढरंशुभ्र धोतर. हे सारं भाड्यानं आणलेल्या एका जाडजूड कादंबरीत. पण चाळीतल्या बाया त्याच्याबद्दल बोलायच्या त्या अशा, की जणू तो कालच दारावरून गेला आणि चहाला थांबला नाही म्हणून हळहळतायत.

सोलापुरात गिरणीच्या मागं ती चाळ होती. दुपार झाली की बाया अंगणातल्या निंबाखाली सुपं मांडीवर घेऊन विड्या वळायला बसत. पूर्वी ह्या बैठकीची मालकीण म्हणजे गोजरबाई. मूळची करकंबची, नवरा महिपती गिरणीत होता तोवर बरं चाललं, तो छातीच्या दुखण्यानं गेल्यावर पोटाला विड्या आणि जिवाला ही बैठक. लिहायला-वाचायला येत नव्हतं, पण बाई सांगायला बसली की ऐकत राहावं. गावच्या पाटलाची सून रुसून माडीवर चढली ती तीन दिवस उतरलीच नाही, ह्यावर ती आठवडाभर बाया हसवायची. हात चालू, तोंडही चालू. हसता हसता बायांची पानं वाकडी कापली जायची, तरी म्हणायच्या, ‘गोजरबाई, फुडं?’

आणि मग चाळीतल्या शिवपुत्रानं लग्न केलं. बायको आणली अक्कलकोटकडची, महानंदा. सातवी शिकलेली. शिवपुत्र तिच्यासाठी वाचनालयातून पुस्तकं आणायचा आणि ती पोरगी ती मोठ्यानं वाचायची. आवाज असा गोड, की मेलं आडनावांची यादी वाचली असती तरी बाया बसल्या असत्या. वाचताना तिच्या विड्या वळायच्या राहतात म्हणून बायांनी आपण होऊन ठरवलं, उठताना प्रत्येकीनं तिच्या सुपात मूठभर विड्या टाकायच्या.

‘इतकी वरसं मी घसा फोडला,’ गोजरबाई भिंतीला सांगायची, ‘माझ्या सुपात कुणी एक थोटूक टाकलं न्हाई!’

तिनं आपलं पोतं उचललं आणि नळाजवळ जाऊन बसली. ऐकायचंच नाही. कान मात्र निंबाखालीच होते, ते काय कापून ठेवता येतात? आणि खरं सांगायचं तर कादंबरी होतीच तशी. बंदुका, होड्या, पोलीस हे नुसतं वरवरचं. आत होती सासू-सुनांची कुरबूर, धाकट्या मुलाचा हेकटपणा, जावयाची हाव. तुमच्या-आमच्या घरातलंच सगळं, फक्त जेवायला बसताना उशाला पिस्तूल. दौलतराव आई खोलीत आली की उभा राहायचा. माणसं मारायचा, पण मारायच्या आदल्या रात्री जेवायचा नाही. आणि कुणी त्याच्या घरच्या बाईकडं वाकडं बघितलं तर त्या बघणाऱ्याचं अख्खं गाव धाकात. ते वाचलं की बायांचे हात थांबायचे. आपल्यासाठी जग पेटवून देईल असा एक माणूस आपल्या घरात असता, हे प्रत्येकीच्या मनात यायचं, आणि प्रत्येकीच्या घरात मात्र पाण्याचा तांब्या मागणारा माणूस असायचा.

गोजरबाईला राग यायचा तो इथं. तिच्या घरात तसा माणूस होता. तिचा धाकटा भाऊ कोंडीबा.

दुष्काळात गावाकडचं सगळं करपलं तेव्हा कोंडीबा बहिणीकडं सोलापूरला आला. आधी हमाली केली, मग कुंभारीच्या बाजूला ओढ्यात हातभट्टी लावली. त्या दारूच्या पैशातून महिपतीची इंजेक्शनं येत होती. गोजरबाईला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तिनं ती नवऱ्याला टोचून घेतली. पुढं एकदा भट्टीत काय मिसळलं गेलं देव जाणे. चाळीतलाच जोतीराम, रंभाबाईचा नवरा, गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवणारा चांगला कामगार, ती दारू पिऊन रात्री झोपला आणि सकाळी उठून म्हणाला, ‘अजून उजाडलं न्हाई व्हय?’ त्याला पुन्हा उजाडलंच नाही. कोंडीबाला पकडून नेलं. चाळीनं गोजरबाईशी बोलणं टाकलं नाही, पण कोंडीबाचं नाव अंगणात कुणी काढत नव्हतं, आणि ती काढायला गेली की बाया पानांकडं बघायच्या.

तर कादंबरीच्या पहिल्या भागाच्या शेवटी दौलतरावाला गोळी लागली. भरल्या लग्नात, नातवाला कडेवर घेतलेलं असताना! दुसरा भाग वाचनालयात नव्हता, कुणी दुसऱ्यानं नेला होता. अंगणात सुतक पडलं. बजाबाई म्हणाली, ‘मी सोमवार धरते बया. सिद्धेश्वराला सांगते, एवढ्या डाव वाचीव त्याला.’

महानंदाला हसू आवरेना. ‘अहो बजाक्का, पुस्तक कवाच छापून झालंय. जगला तर जगला, मेला तर मेला.’

‘छापलं म्हणून काय झालं? आपण अजून वाचलंय का?’

सोमवारी बायांनी उपास धरला. गोजरबाई नळाजवळून बघत होती. एकेकीनं शेंगदाणे तोंडात टाकले, आणि त्यांत रंभाबाईही होती. रंभाबाई! जिचा नवरा आंधळा होऊन खाटेवर बसला होता, ती एका दारू गाळणाऱ्यासाठी उपाशी! गोजरबाई त्या दिवशी मुद्दाम भाकरी-पिठलं करून दारात जेवायला बसली. कोंडीबाला शिक्षा झाली तेव्हा तिच्याबरोबर कोर्टाच्या दारापर्यंतसुद्धा कुणी आलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर दोन गोष्टी झाल्या. तुरुंगातून कोंडीबाच्या आधी सुटून आलेल्या तिप्पण्णानं निरोप आणला की कोंडीबा सुटतोय आणि भाऊबीजेला बहिणीकडं येणार आहे. आणि त्याच आठवड्यात कादंबरीचा दुसरा भाग आला.

गोजरबाईला भावाला आपल्या घरात, पाटावर बसवून, चाळीच्या डोळ्यांदेखत ओवाळायचं होतं. बाकी तिला काही नको होतं. पण चाळ बिघडली तर तिला दुसरं कोण होतं? ती चार दिवस शब्द जुळवत राहिली, आणि तोंड उघडलं ते नेमकं नको तेव्हा. दौलतराव गोळीतून वाचला होता. दवाखान्यात उशीला टेकून मुलांना सांगत होता, मी जे केलं ते माझ्या माणसांसाठी केलं. महानंदाचा आवाज भरून आला, रंभाबाईनं डोळ्याला पदर लावला, आणि नळाजवळून गोजरबाई ओरडली.

‘रंभे, कुणासाठी रडतीस गं? त्यो दारूच गाळतोय न्हवं? का त्याच्या दारूनं कुणाचं डोळं गेलं न्हाईत?’

महानंदानं पुस्तक मिटलं.

‘माझ्या कोंडीबानं काय येगळं केलं? त्यानंबी आपल्या माणसासाठीच केलं! त्याला कुणी सोमवार धरला? कागदाच्या बाप्याला उपास, आन माझ्या भावाचं नाव घेतलं तर तुमची तोंडं शिवल्यागत! येतोय त्यो भाऊबीजेला. ओवाळणार हाय मी त्याला, माझ्या घरात!’

‘आला तर आमी तुझ्यासंगं बसणार न्हाई,’ बजाबाई म्हणाली.

रंभाबाईनं सूप बाजूला ठेवलं. ती ओरडली नाही. ‘दौलतरावाच्या दारूनंबी कुणाचं तरी डोळं गेलं असतील. न्हाई कोण म्हणतंय? पर त्या आंधळ्याला रोज सकाळी संडासला मी न्हेत न्हाई. म्हणून दौलतरावासाठी रडाया मला परवडतं.’

गोजरबाई पोत्यावरून उठून उभी राहिली.

‘येऊ दे तुझ्या भावाला,’ रंभाबाई म्हणाली. ‘पर आदी माझ्या दारात यायचं. ह्यांचा हात धरायचा, संडासापतोर न्ह्यायचं, परत आणून बसवायचं. मग खुशाल ओवाळ. मी आड येणार न्हाई, आन ह्यांतल्या कुणालाबी येऊ देणार न्हाई.’

भाऊबीजेला कोंडीबा आला. केस पांढरे, सदरा खांद्यावरून ओघळलेला. गोजरबाईनं त्याला बोळातच गाठून अट सांगितली. तो ‘बरं’ म्हणाला, एवढंच. रंभाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला तेव्हा सगळी चाळ दारादारात होती.

‘कोण हाय?’ जोतीरामानं खाटेवरून विचारलं. कोंडीबा उंबऱ्याकडं बघत राहिला.

‘कोंडीबा हाय,’ रंभाबाईनंच सांगितलं.

जोतीरामानं खाटेवरून पाय खाली सोडले. मग त्यानं हात पुढं केला, पण दुसऱ्याच बाजूला. ‘चल. घाईची न्हाई लागली, पर आता उठवलंच हाय तर जाऊन येऊ.’

कोंडीबानं वळसा घालून तो हात धरला. दोघं अंगण ओलांडून टोकाच्या संडासाकडं गेले, कोंडीबाच्या एका हातात जोतीराम, दुसऱ्या हातात टमरेल. गोजरबाई भावाकडं बघतच नव्हती. ती बायांच्या तोंडांकडं बघत होती. आता तरी रडतील, आता तरी एखादीचा पदर डोळ्याला जाईल. कुणाचाच गेला नाही. बजाबाई पोराचं नाक पुसत होती. दौलतरावाला नुसतं खरचटलं तरी घळाघळा रडणाऱ्या ह्या बाया! गोजरबाईला वाटलं, एकेकीला धरून हलवावं.

परत आणून बसवल्यावर रंभाबाई कोंडीबाला म्हणाली, ‘उद्या सकाळीबी ये. ह्यांची खरी येळ सकाळची. आजच्यापुरतंच म्हणलं न्हवतं मी.’

कोंडीबानं मान हलवली.

गोजरबाईनं भावाला ओवाळलं, खण-खोबरं घेतलं, दारं सताड उघडी ठेवून पुरणपोळी वाढली. महानंदा मुद्दाम डोकावून गेली. ‘गोजरक्का, तुमचे भाऊ दौलतरावासारखेच उंच दिसतात की!’ गोजरबाई त्या एका वाक्यावर रात्रीपर्यंत फुललेली होती. कोंडीबा जेवताना म्हणाला, ‘आक्का, त्याचा हात लई मऊ पडलाय गं. साच्यावरचा हात होता त्यो.’ पण ती तेव्हा पोळीवर तूप वाढण्यात आणि शेजारणी बघतायत का ते बघण्यात गुंतली होती.

सकाळी ती उठली तर भावाची वळकटी नीट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. तिला क्षणभर बरं वाटलं, गेला वाटतं जोतीरामाकडं. मग खुंटीकडं लक्ष गेलं. पिशवी नव्हती. चपला नव्हत्या. नळावर पाणी भरणारी बजाबाई म्हणाली, ‘पहिल्या गाडीला गेला की. मी बघितला. खाली मान घालून.’

गोजरबाई उंबऱ्यात उभी राहिली. आणि तिला पुन्हा राग आला तो दौलतरावाचाच. तो पळाला नसता. त्याला लिहिणाऱ्यानं पळूच दिलं नसतं, चारशे पानं धरून उभा केला होता. ह्या बायांचा माणूस मरेपर्यंत जागेवर राहणार, मेला तरी परत पहिल्या पानावर जाऊन उभा राहणार, आणि आपला एक होता रक्ताचा, त्याला एक सकाळ निभावली नाही. तिला त्या कागदाच्या माणसाचा इतका हेवा वाटला की डोळे भरून आले.

समोर रंभाबाईचं दार उघडलं. जोतीराम दाराची चौकट चाचपत बाहेर आला. पाठीमागं रंभाबाई टमरेल घेऊन उभी. तिनं गोजरबाईच्या दाराकडं बघितलं, रिकाम्या खुंटीकडंही तिची नजर गेली असेल. ती नवऱ्याचा हात धरायला स्वतःच पुढं झाली. तिला ते नेहमीचंच होतं.

गोजरबाई अंगण ओलांडून गेली आणि तिनं रंभाबाईच्या हातातलं टमरेल घेतलं. रंभाबाईनं ते सोडायला जरा वेळ लावला, पण सोडलं.

‘कोंडीबा का?’ जोतीरामानं हात पुढं करत विचारलं.

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘त्याची भैन हाय.’

जोतीरामानं तिचा हात घट्ट धरला, आणि दोघं चालायला लागली.