भोंगा आणि किसनमामांची हाक

"थांबा साहेब, पानी सोडू नका अजून!" हे वाक्य मी नोकरीत जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. अकोले तालुक्यातल्या धरणाच्या पायथ्याशी आमचं वीजघर आहे. वरून पाणी पडतं, टर्बाइन फिरतं, वीज होते आणि तेच पाणी नदीतून खालच्या शेतांना जातं. इतका सरळ कारभार. त्यात आमचे चौकीदार किसनमामा आडवे यायचे.

पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवायचा, हा नियम. मी वाजवायचो. तरी मामा काठी घेऊन पार नदीच्या घाटापर्यंत चालत जायचे, "पानी आलं रं! वर या!" अशी हाक द्यायचे आणि रमतगमत परतायचे. तोवर मशीन बंद, आणि उशीर का म्हणून वरच्या ऑफिसचा फोन. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मामा, भोंगा पलीकडच्या डोंगरापर्यंत ऐकू जातो. मग तुम्ही कशाला ओरडता?"

"तपासायला म्हनून तुमी त्यो रोज सकाळ-दुपार वाजवता. बाया त्यावर कुकर लावत्यात साहेब. त्याला कोन भ्यायचं?"

तपासणी बंद करायचा अर्ज मी वर पाठवला, तो वरच राहिला. मामा चालत राहिले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

पुढच्याच सोमवारी पाणी सोडायचं होतं. मामा पेन्शनच्या कागदांसाठी अकोल्याला गेलेले. मी भोंगा वाजवला, बटणावर बोट ठेवलं, पण ते काही केल्या दाबवेना. मामांना मनातल्या मनात शिव्या घालत मी घाटाकडे निघालो.

कोरड्या पात्राच्या मधोमध, डबक्याशेजारच्या खडकावर, मामांच्या बायको गोधड्या धूत होत्या.

"मामी, भोंगा ऐकला नाही?"

"ऐकला की." त्यांनी शांतपणे गोधडी आपटली. "पन ह्यांची हाक कुठं आली?"

मी ओल्या गोधड्या उचलल्या आणि मामींना आधी काठावर आणलं.

आता मामा ओट्यावर बसून चहा पितात आणि नदीकाठ मी तुडवतो. वर सुनावतात, "जरा पोटातनं वरडा, साहेब!" भयंकर वैताग येतो. पण मामी गोधड्या उचलून काठावर आल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.