दुधावरची मखूप

एका कादंबरीचा शेवट मी वाचायच्या आधीच बिघडवला आणि मग तो जमलेला नाही असं तिच्या लेखिकेला तोंडावर सांगितलं.

अशी कामगिरी अंगात मुरलेल्या सवयीशिवाय होत नाही. माझी सवय तेहतीस वर्षांची. सरकारी कचेरीत मी मसुदे तपासायचो. कारकुनानं ‘कळविण्यात येत आहे’ लिहिलं की मी ‘कळविण्यात येते’ करायचो, आणि ‘कळविण्यात येते’ लिहिलं की ‘येत आहे’ करायचो. निरोप समारंभात साहेब म्हणाले, “यांच्या टेबलावरून एकही कागद आला तसा पुढं गेला नाही.” टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला. ते कौतुक नसावं, ही शंका मला घरी पोचल्यावर पुष्पगुच्छ पाण्यात ठेवताना आली.

निवृत्तीनंतर शहरातल्या गारखेडा भागातल्या घरात तपासायला काही उरलं नाही. बायकोची किराण्याची यादी एकदा लाल पेनानं शुद्ध करून दिली, तेव्हापासून ती यादी तोंडी सांगते. अशात आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला: नव्यानं कादंबरी लिहिणाऱ्यांना पहिले वाचक हवे आहेत. छापायला जाण्याआधी वाचायचं आणि मोकळेपणानं सांगायचं. पैसे नाहीत, चहा मिळेल. मी लगेच नाव दिलं. मागोमाग नियमांचा कागद आला. कुठे कंटाळलात ते सांगा. कुठे गोंधळलात ते सांगा. कुठे पटलं नाही ते सांगा. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘भाषेला हात लावू नका.’ मी त्यातलं ‘नका’ खोडून ‘नये’ केलं आणि कागद कपाटाच्या दाराला चिकटवला.

सुरुवात तशी झोकात झाली. पहिल्याच कादंबरीत नायिकेला चैत्रात दिवस गेले होते आणि बाळ होत होतं होळीला. मी लेखकाला फोन केला. म्हटलं, “बाळाला कसली घाई दिसत नाही.” त्यानं पलीकडं बोटं मोजली आणि होळीची संक्रांत केली. पुस्तक निघालं तेव्हा आभारात माझंही नाव होतं, आडनावातली वेलांटी चुकलेलं. ते पान उघडं ठेवून मी पुस्तक महिनाभर टीपॉयवर ठेवलं होतं. आलेला पाहुणा चहा ठेवायला जागा शोधायचा.

मग ही मुलगी आली. फुलंब्रीची, तिशीतली. शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, रोज बसनं ये-जा. अख्खी कादंबरी तिनं बसमध्ये मोबाइलवर अंगठ्यानं लिहिली होती. म्हणाली, “काका, महिनाअखेरीला प्रकाशकाला पाठवायचीये. पहिलीच आहे, त्यांनी परत केली तर दुसरी लिहायची हिंमत नाही होणार माझी. तुम्ही शेवट तेवढा नीट बघा. सगळं शेवटावर आहे.”

मी कॉम्प्युटरवर फाइल उघडली. पहिल्याच पानावर आई मुलीला म्हणत होती, “लई शाणी हायस, व्हय?” आणि मुलगी म्हणत होती, “नाय.” फुलंब्रीकडं बोलतात तसंच. चूक काहीच नव्हती. चूक माझ्या बोटांत होती, ती शिवशिवायला लागली. नोकरीत असताना आम्हाला कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची होती. त्या सगळ्या अभ्यासातलं मला आज एकच येतं: शोधा आणि बदला. मी मनाशी म्हटलं, तिच्या फाइलला आपण हात लावत नाही. आपल्यापुरती, वाचायला सोयीची एक प्रत करू. नियम कुठं मोडला? मग ‘नाय’च्या जागी ‘नाही’ केलं. ‘व्हय’च्या जागी ‘होय’. ‘लई’च्या जागी ‘खूप’. तीनदा बटण दाबलं. इतके इतके बदल केले, असं यंत्रानं सांगितलं. नोकरीत मला जे वर्षभरात जमलं नसतं ते मिनिटभरात झालं होतं. मी खुशीत प्रिंट काढून आणली आणि पेन्सिल घेऊन झोपाळ्यावर बसलो.

तिसऱ्या प्रकरणात आई मुलीला दुधावरची मखूप खायला देते.

मी थांबलो. मखूप! काय शब्द आहे! शब्दकोश काढला, त्यात नव्हता. मला आणखी आनंद झाला. कोश करणारी मंडळी फुलंब्रीपर्यंत गेली नसणार, दुसरं काय? मला तर त्यात फारसीचा वास आला. निजामाच्या वेळचा असणार. सकाळी फिरायला आमच्यासोबत उर्दूचे एक निवृत्त मास्तर असतात, त्यांना विचारलं. मास्तरांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, “हौ, पुराना लफ्ज है. मेरी नानी बोलती थी.” आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही असं मास्तर आजवर कधी म्हणाले नव्हते, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं. घरी येऊन मी बायकोला ऐटीत म्हटलं, “चहात मखूप येऊ देऊ नकोस.” ती म्हणाली, “चहात काहीच येत नाही, दूध संपलंय.”

पुढं एक म्हातारा भांड्यांना कखूप करायला गावात येतो. मी समासात लिहिलं, ‘वा! लुप्त होत चाललेला व्यवसाय.’ आणि तहसील कचेरीच्या प्रकरणात तर मी मांडीवर थाप मारली. तिथं एक ‘नाहीब तहसीलदार’ होता. कधीच जागेवर सापडत नाही म्हणून नाहीब! सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या मलासुद्धा असा टोमणा सुचला नव्हता. ही पोरगी मोठी होणार, असं मी बायकोला सांगितलं.

पण शेवटाला मात्र माझी निराशा झाली. कादंबरी अशी होती: खेड्यातली मुलगी शहरात शिकते, नोकरीला लागते, हळूहळू गावाला परकी होते. वडील गेल्यावर भाऊ तिला तहसील कचेरीत नेतो. शेतातला वाटा सोडते, असं लिहिलेला कागद पुढं येतो, तहसीलदाराच्या हाताखालचा तो साहेब पेन देतो, भाऊ म्हणतो, कर सही. ती एकच शब्द बोलते. कादंबरी संपते. माझ्या प्रतीत तो शब्द होता, ‘नाही.’

बसस्थानकासमोरच्या हॉटेलात आम्ही भेटलो. तिची बस लागायला वीस मिनिटं होती. आधी दोष सांगायचे, मग गुण, ही माझी कचेरीतली रीत.

“शेवट बसत नाही,” मी म्हणालो.

तिनं ग्लास खाली ठेवला. “म्हणजे?”

“ती शेवटी ‘नाही’ म्हणते. अगं, ‘नाही’ तर ती पहिल्या पानापासून म्हणतेच आहे. त्यात नवीन काय?”

“तुम्हाला काहीच वेगळं वाटलं नाही, काका?”

“काही नाही. ती बदललीये ते दिसायला नको? तिला बोलू दे. चांगलं दोन-तीन पानं बोलू दे. भावाला कायदा सांगू दे.”

तिनं मोबाइलवर बसची वेळ बघितली. मग म्हणाली, “समजावून सांगावं लागलं तर चुकलंच म्हणायचं.”

“अगदी बरोबर!” मी म्हणालो. तिला मुद्दा पटला म्हणून मला फार बरं वाटलं. आता गुणांकडं वळणार, नाहीब तहसीलदाराचं नाव काढणार, एवढ्यात तिची बस लागली आणि ती पळाली. चहाचे पैसेही तीच देऊन गेली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. शेवट नवा लिहिलाय, रविवारी घरी या, आईलाही वाचून दाखवायचाय, सोमवारी पाठवायचीये. आवाज बसलेला होता. मला वाटलं, सर्दी असेल.

फुलंब्रीला गेलो. प्रिंट पिशवीत घेतली होती, गुण सांगायचे राहिले होते ना! तिची आई ओसरीवर शेंगा निवडत बसली होती. “या मास्तर,” म्हणाली. मी मास्तर नाही असं सांगितलं. “मग तपासता कशाला?” म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडं वळली.

मुलीनं मोबाइलवरून नवा शेवट वाचला. कादंबरीतली मुलगी तहसील कचेरीत उभी राहून बोलत होती. वारसा हक्क बोलली, स्त्रीचा सन्मान बोलली, आणि माझ्याच तोंडात शोभेल असं ‘या निमित्ताने’सुद्धा बोलली. मला ते ऐकताना कचेरीतल्या महिला दिनाची आठवण झाली. हे मी सुचवलं होतं, म्हणून मी मान हलवत राहिलो.

संपल्यावर आई म्हणाली, “ही कोण बाई आली मधीच?”

“आई, तीच आहे. आपलीच.”

“आपली नाय ती. आपल्या पोरीला एवढं बोलाया सुचलं असतं तं भावानं तिला तिथं नेलीच नसती. आधीचं काय वंगाळ होतं?”

“काकांना कळलं नाही ते.”

“मग दुसऱ्या कुणाला दाखव की.”

“काकांना कळलं नाही तर लोकांना काय कळणार, आई?” मुलगी म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले. ती सर्दी नव्हती, हे मला तेव्हा समजलं.

आई उठून आत गेली. बाहेर आली ती माझ्यासाठी बशी घेऊन. बशीत दुधाची जाड साय, वर साखर. वातावरण हलकं करावं म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, “अहाहा! मखूप!”

“काय?” आई म्हणाली.

“मखूप. तुमच्याकडचाच शब्द आहे.”

“आमच्याकडं मखूप नाय. मलई हाय.”

“अहो, हिच्याच कादंबरीत आहे,” असं म्हणून मी प्रिंट काढली, खूण केलेलं पान दाखवलं. “आणि हा बघा नाहीब तहसीलदार! हे तर मला इतकं आवडलं...”

मुलीनं पान हातात घेतलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. “काका, मी नायब तहसीलदार लिहिलंय. हे नाहीब कुठनं आलं?”

मी बशीकडं बघितलं. मलई. म आणि लई. लईचं खूप. म आणि खूप.

तोवर तिनं भराभर पानं उलटून शेवटचं पान काढलं होतं. तिथला ‘नाही’ हा शब्द तिनं माझ्यासमोर धरला. मग अगदी हळू म्हणाली, “तुम्ही बदललं हे?”

“नाय!” मी ओरडलो. “नाय नाय, म्हणजे मी नाय, त्या बटणानं! मी काय मुद्दाम नाय केलं!”

“आता कसं निघालं तोंडातून,” आई म्हणाली.

मग मला सगळं सांगावं लागलं. शोधा, बदला, सोयीची प्रत, सगळं. आणि तिनं मला सांगितलं. तिची मुलगी पहिल्या चार प्रकरणांत ‘नाय’च म्हणते. कॉलेजात पोरी हसतात, तेव्हापासून ती ‘नाही’ म्हणायला शिकते, आणि पुढं सगळीकडं ‘नाही’च म्हणते, घरीसुद्धा, आईशीसुद्धा. तहसील कचेरीत भावासमोर, साहेबानं पेन पुढं केल्यावर, इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून निघतं, “नाय.” एवढीच कादंबरी होती. मी त्यातलं ‘एवढीच’ तेवढं काढून टाकलं होतं.

“पंधरा दिवस, काका,” ती म्हणाली. “रोज जाता-येता बसमध्ये बसून ते भाषण लिहिलंय मी. एकदा तर वाटलं, पाठवूच नये.”

कचेरीत असतो तर ‘सदर बाब नजरचुकीने घडली’ असं लिहिलं असतं.

“जुनं वाच,” आई म्हणाली.

तिनं जुना शेवट वाचला. आता मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कागद पुढं आला, पेन आलं, भाऊ म्हणाला, कर सही. मुलगी वाचता वाचता थांबली आणि मग तिनं तो शब्द उच्चारला. “नाय.” आईनं निवडलेली शेंग टोपलीत टाकली आणि म्हणाली, “व्हय. ही आपली.”

मुलीनं नव्या तीन पानांवर बोट ठेवलं आणि ती पुसून टाकली. सोमवारची वाट न बघता ओसरीवरच बसून तिनं जुनी फाइल प्रकाशकाला पाठवून दिली. पाठवल्यावर नाक पुसलं, माझ्या प्रिंटमधलं ‘कखूप’ वाचलं आणि पोट धरून हसायला लागली. मास्तरांच्या नानीची गोष्ट सांगितल्यावर तर तिला ठसका लागला. मलाही हसू आलं. बशीतली मलई फार चांगली होती, ती मी खायला लागलो. ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं, परतीच्या बसला तास होता, आणि इतकं करूनही मला कुणी हाकलून दिलेलं नव्हतं. धीर आला.

“तुझी खरी फाइल दे मला,” मी म्हणालो. “या वेळी कशालाही हात न लावता पहिल्यापासून वाचतो. काही सुचलं तर सांगतो.”

मुलगी काही म्हणायच्या आत आईनं माझी बशी उचलली आणि तिच्या हातात दिली.

“ह्यायला पुस्तक नको देऊ आता,” ती म्हणाली. “आणखी मलई आणून दे. तेवढा वेळ तरी तोंड बंद राहीन.”