लाईन गेली की पायथन जातं

कॉम्प्युटर लॅबमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. कीबोर्डच्या फटीत मुरमुरे आणि माणसांच्या डोक्यात किस्से. मुरमुरे काढायला आमच्याकडे ब्रश आहे. किस्से मात्र चहाचा कप हातात आला की आपले आपणच बाहेर पडतात. एक निघाला की त्याची शेपूट धरून दुसरा!

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. म्हणजे लॅबची किल्ली माझ्याकडे, पोरांना चपला बाहेर काढायला लावणं माझ्याकडे, आणि "मॅडम, हे चालूच नाही होऊन राह्यलं" हे दिवसभर ऐकणंही माझ्याकडे. पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकवायला कटरे सर. सर तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे कॉलेज सुरू झालं की दरवर्षी त्यांना नव्याने कळतं, की यंदाही आपणच शिकवणार आहोत.

कॉलेजचं नाव सांगत नाही. नोकरी मलाही करायची आहे.

*

आधी आमच्या लॅबचा रोग सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

पोरं कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हिरोंचे फोटो लावायची, गेम टाकायची. म्हणून कोणे एके काळी एका हुशार माणसाने सगळ्या मशीनवर एक राखणदार प्रोग्राम बसवला. मशीन बंद होऊन चालू झालं की सगळं जसंच्या तसं, पहिल्यासारखं. गेम गायब, हिरो गायब. प्राचार्य खूश!

पुढे त्या हुशार माणसाला रायपूरला नोकरी लागली. पासवर्ड त्याच्यासोबत गेला. मी फोन केला, तर म्हणाला, "मैडम, वो तो पुराने लैपटॉप में लिखा था. लैपटॉप साले को दे दिया."

मग झालं काय, की पायथन टाकलं, की ते लाईन, म्हणजे वीज, जाईपर्यंतच राहायचं. लाईन गेली, की गेमसोबत पायथनही गायब. आणि आमच्याकडे लाईन कधी जाते हे विचारू नका, कधी राहते ते विचारा. त्यामुळे कटरे सर रोज खिशात पेन ड्राइव्ह घेऊन येणार, पोरं रोज पायथन टाकणार, तासातला निम्मा वेळ त्यात जाणार, आणि उरलेल्या निम्म्यात सर शिकवणार. मधेच लाईन गेली तर पुन्हा श्रीगणेशा.

एकदा प्राचार्य दारात उभे राहिले. म्हणाले, "कटरे, मागच्या महिन्यातही तुम्ही हेच शिकवून राहिले होते ना?"

सर उठून उभे राहिले. "हो जी सर. पाया पक्का करून राह्यलो!"

*

आता तुम्ही म्हणाल, पोरांनी घरच्या लॅपटॉपवर टाकावं. टाकलं ना! दवनीवाड्याच्या रोशनने टाकलं.

रोशनने आतेभावाचा जुना लॅपटॉप आणला, त्यात नवं विंडोज घातलं. विंडोजने नाव विचारलं. आता पहिलीच वेळ, शुभ काम, म्हणून रोशनने आपलं नाव टाकायच्या ऐवजी टाकलं, 'श्री गणेशाय नमः'. झालं! लॅपटॉपमधलं सगळं सामान त्याच नावाच्या फोल्डरमध्ये जायला लागलं. पायथन कसंबसं चढलं, पण त्याच्या सोबतच्या गोष्टींना ते देवनागरी नाव काही वाचता येईना. नुसत्या लाल ओळी.

पोरं हसायला लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझ्याही लॅपटॉपवर असंच होऊन राह्यलं." पाहिलं तर तिचं नाव, 'नमो बुद्धाय'. एरर तोच. अक्षर न् अक्षर तोच!

सर म्हणाले, "पाहा. कॉम्प्युटर कोणाच्याच बाजूचा नाही. दोघायलेही सारखाच एरर देते." आमच्या कॉलेजात समतेवर इतकं नेमकं व्याख्यान मी तरी ऐकलेलं नाही.

दोघांनाही साध्या इंग्रजी अक्षरांतलं नवं खातं उघडून दिलं. मुलीचं काम भागलं. रोशनच्या आईचा मात्र सरांना फोन आला. "सर, शुभ कामात देवाचं नाव कायले काढलं? देवाचं काढलं अन् पोराचं ठेवलं?"

सर म्हणाले, "काढलं नाही जी माय. आता स्क्रीनवर देवाचा फोटो लावून देतो, मोठा."

आणि लावला. तेव्हापासून रोशनचं पायथन रोज गणपतीच्या पोटावर उघडतं. खरं सांगते, त्यानंतर त्याला एकही एरर आला नाही. कारण त्याने एकही प्रोग्राम लिहिला नाही.

*

लॅबच्या कोपऱ्यात दोन म्हातारी मशीनं आहेत. नवं विंडोज त्यांना झेपत नाही, म्हणून सरांनी त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं. तिथे तो राखणदार नाही. एकदा टाकलेलं पायथन तिथे टिकतं. तरी पोरं तिकडे फिरकत नाहीत, कारण तिथे माउसने भागत नाही, काळ्या पडद्यावर टाइप करावं लागतं.

रोज इतरांच्या मशीनवर पायथन टाकून द्यायची आणि मग तिथे येऊन बसायची, ती एकटी उज्ज्वला. नवेगाव बांधजवळच्या खेड्यातली. वडील तलावावर मासेमारी करतात. घरी लॅपटॉप नाही, म्हणून जे मशीन कोणाला नको ते हिचं.

एकदा सरांनी रोशनला तिच्या शेजारी बसवलं. काही टाकायचं म्हटलं, की लिनक्स आधी पासवर्ड मागतं, आणि तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. टिंबसुद्धा नाही. रोशनने टाइप केलं, काही नाही. पुन्हा केलं, काही नाही. त्याने कीबोर्ड उलटा करून झटकला. मग माझ्या टेबलावरचा कीबोर्ड उपसून नेला. तरी काही नाही!

"मॅडम, कीबोर्ड मेला. दोन्ही मेले!"

उज्ज्वला मान वर न करता म्हणाली, "टाकत राय ना बे. दिसत नाही म्हणून नाही असं थोडीच हाये? पाण्याखालची मासोळी दिसते का?"

सर तर भारावूनच गेले. रोशनच्याही अंगात काहीतरी संचारलं. तो डोळे मिटून, श्रद्धेने, तास संपेपर्यंत टाकत राहिला.

पासवर्ड चुकीचा होता.

*

त्या वर्षी उज्ज्वलाला पुण्याच्या एका कंपनीचा मेल आला. ऑनलाइन मुलाखत! जिल्ह्याबाहेरून आमच्या कॉलेजकडे कोणी ढुंकून पाहिल्याची माझ्या आठवणीतली ती पहिलीच वेळ. मेलमध्ये अट होती, की कॅमेऱ्यासमोर बसायचं, आपल्याच मशीनवर, आणि पायथन वगैरे सगळं आधीच तयार हवं.

उज्ज्वला मेल घेऊन माझ्याकडे आली, ती तोंड पाडूनच. मी म्हटलं, "काय झालं वं? आनंदाची गोष्ट आहे."

"मॅडम, हे हुकलं तर मामानं ठरवून ठेवलं हाये. अर्जुनी गावाले त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसाचं." मग एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले झेरॉक्स नाही काढाच्या जी. जन्मभर दुसऱ्याचेच कागद."

मला भरून आलं, आणि रागही आला. कोणाचा ते आजही नीट सांगता येणार नाही.

लॅबची विंडोजवाली मशीनं कामाची नव्हती. ऐन मुलाखतीत लाईन गेली तर मशीनही गेलं आणि पायथनही. लिनक्सच्या म्हाताऱ्यांना कॅमेराच नाही. मग सर म्हणाले, "हर्षितचा मॅक!"

*

हर्षित म्हणजे आमच्याच कॉलेजातला पोरगा, वडिलांची राइस मिल. त्याच्याकडे चांदीच्या रंगाचा महागडा लॅपटॉप, मॅक, होता आणि त्यावर तो फक्त क्रिकेट पाहायचा. मागितल्यावर लगेच हो म्हणाला, पोरगा दिलदार. आम्ही तिघं मिलच्या ऑफिसात गेलो. सर, मी आणि उज्ज्वला.

पायथन चढलं. पण कंपनीने सांगितलेलं एक लहानसं टूल चढेना. मॅक म्हणे, हे ज्याने बनवलं त्याची ओळख पटत नाही, मी उघडणार नाही.

हर्षितचे वडील, शेठजी, समोरच गादीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "क्या बोल रहा है?"

हर्षित म्हणाला, "पापा, बोल रहा है पहचान नहीं है."

"बस? इतनी सी बात?" शेठजींनी फोन उचलला. "गोंदिया में बिना पहचान के कौन सा काम होता है!"

पहिला फोन कॉम्प्युटरच्या दुकानदाराला. दुसरा कोणा मॅनेजरला. तिसरा थेट नागपूरला, कोणा भाईसाहबांना. "हां भाईसाहब, एक बच्ची का काम है. वो मशीन पहचान मांग रही है. आप जरा ऊपर बोल दो ना!"

इकडे कटरे सरांनी सेटिंगमध्ये जाऊन 'तरीही उघडा' हे बटण शोधलं आणि दाबलं. टूल उघडलं. उज्ज्वलाने टाळीच वाजवली.

शेठजींनी फोन कानापासून दूर केला, स्क्रीनकडे पाहिलं आणि सरांकडे वळून म्हणाले, "देखा मास्टरजी? एक फोन का काम था."

*

मुलाखतीच्या आधी सरांनी तालीम घेतली. सर कंपनीचे साहेब झाले, टेबलापलीकडे बसले, आवाज जाड केला. "व्हाय शुड वी हायर यू?"

उज्ज्वला चिडून म्हणाली, "सर, असं काही विचारतेत का? तुम्हाले कोणी विचारलं होतं?"

सर खुर्चीतच मागे टेकले, आवाज पुन्हा आपला झाला. "मले तर बाई, दरवर्षीच विचारतेत."

तालीम तिथेच आटोपली. मी चहा सांगितला.

*

मुलाखत लॅबमध्येच ठेवली, कारण मिलमध्ये यंत्रांची घरघर. मी, सर, हर्षित आणि रोशन दाराबाहेर. पोरांना मी दम दिला होता, कोणी शिंकलं तरी किल्ली फेकून मारीन. आतलं सगळं ऐकू येत होतं. मी तर हात जोडूनच उभी होते, कोणाला ते न ठरवता.

आणि बरोबर मधोमध लाईन गेली! पंखे थांबले, सगळी मशीनं एका दमात विझली. मॅकची बॅटरी आणि हर्षितच्या फोनचं नेट, एवढंच शिल्लक.

स्पीकरमधून साहेबांचा आवाज आला. काही प्रॉब्लेम आहे का, पुन्हा कधीतरी बोलू या का, असं इंग्रजीत विचारत होते.

उज्ज्वला म्हणाली, "नो सर. धिस इज नॉर्मल. प्लीज कंटिन्यू."

सर माझ्याकडे पाहून डोळे पुसायला लागले. पण मजा तर पुढेच आहे. साहेबांनी विचारलं, "हॅव यू एव्हर सेट अप द एन्व्हायर्नमेंट युवरसेल्फ, फ्रॉम स्क्रॅच?" म्हणजे कोऱ्या मशीनवर पायथन वगैरे सगळं स्वतः टाकलं आहे का.

"येस सर."

"हाऊ ऑफन?"

"डेली, सर."

साहेबांचा आवाज चढला. "डेली?"

"येस सर. समटाइम्स ट्वाइस."

साहेब थक्क! कोणत्या सिस्टिमवर, म्हणाले. ती म्हणाली, विंडोज, लिनक्स आणि आता मॅक. साहेबांनी बाजूच्या कोणाला तरी हाक मारून हे पुन्हा ऐकवलं. मला तेवढंच कळलं, की पुण्यात हे फार मोठं मानतात.

पंधरवड्यात निवडीचं पत्र आलं. तिच्या वडिलांनी नवेगाव बांधच्या तलावावरून मासोळी पाठवली, सगळ्या स्टाफला. प्राचार्यांनी भाषणात सांगितलं, की आमच्याकडे पाया पक्का करून घेतात.

*

पुण्यात तिचा पहिला दिवस. आम्ही लॅबमध्ये, नवी पोरं, जुना पेन ड्राइव्ह. सरांचा फोन वाजला. उज्ज्वला! सरांनी स्पीकर लावला.

ती अगदी हळू बोलत होती. "सर, मी जिन्यात येऊन बोलून राह्यली. इथं कोणी कोणासोबत बोलतच नाही जी. सारे कानाले हेडफोन लावून बसले हायेत."

"लॅपटॉप दिला का?"

"दिला ना. नवाकोरा. पण सर..." ती थांबली. मला वाटलं, लाईन गेली. मग आठवलं, ती पुण्यात आहे. "सर, याच्यात सारं आधीच टाकून ठेवलं हाये. पायथन, टूल, सारं. बटण दाबलं की उघडून जाते."

"मंग? चांगलं हाये ना."

"आता पुढं काय कराचं असते, सर? मले काहीच सुचून नाही राह्यलं. मी परत येऊन जाऊ का?"

लॅबमधली नवी पोरं टाइप करायची थांबली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कोणी पाहून राह्यलं का तुयाकडे?" सरांनी विचारलं.

"नाही जी."

"मंग जागेवर जाऊन बस," सर म्हणाले. "अन् पयले ते सारं अनइन्स्टॉल कर."