सही नसलेलं भरतीचं कोष्टक

कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहीत आले आहे. वर जाड मथळा, मधे संताप आणि शेवटी सहीसाठी रेघ. आमच्या किनाऱ्यावर एक प्रकल्प येणार म्हणून आवई उठली, तेव्हा मी देवगडपासून रेडीपर्यंत सह्या गोळा करत हिंडले. सही मिळाली की माणूस आपला झाला, अशी माझी त्या दिवसांत पक्की समजूत झाली. त्या समजुतीपायी मी काय घालवलं, ते इथे लिहिते आहे. कुणी सहानुभूती दाखवू नये.

प्रकल्पाचं थंडावल्यावर आम्ही चार मित्रमैत्रिणींनी मुक्त सॉफ्टवेअरचा एक संग्रह सुरू केला. इथल्या माणसांनी स्वतःच्या गरजेपोटी केलेले छोटे छोटे प्रोग्राम एका जागी ठेवायचे. कुणीही ते फुकट घ्यावेत, आतला कोड उघडून वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. असे प्रोग्राम खेड्यात असतात का, असं शहरातले लोक विचारतात. असतात. नांदगावजवळच्या एका वाचनालयातल्या बाईंनी पुस्तकं शोधायचा प्रोग्राम केलेला होता. तळेऱ्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने मालवणी टाइप करायचा कीबोर्ड केलेला होता. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

विचारायचं काम माझं. मी फॉर्म तयार केला, 'योगदान संमतीपत्र'. त्यात लिहिलं, "सदर प्रोग्राम मी स्वेच्छेने व कायमस्वरूपी सर्वांसाठी खुला करीत आहे." खाली नाव, गाव, सही. मला त्या वाक्याचा अभिमान होता.

तळेऱ्याच्या दुरुस्तीवाल्याने तो कागद वाचला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ह्या जमिनीचा तर न्हय मां?"

"अरे, कीबोर्डाचा आसा."

"मगे संमती कशाक व्हयी? आनी कायमस्वरूपी?"

"कारण तू तो सगळ्यांका देतंस म्हणान."

"देतंय गो. घेवन जा, आत्ता कॉपी कर. पण सही?" तो काउंटरवरून मागे सरकला. "थांब. मुंबयच्या भावाक इचारतंय."

कीबोर्डासाठी मुंबईच्या भावाला! मी त्याच्यावर तिथेच खेकसले. पण हे काही त्याचं एकट्याचं नव्हतं. आमच्याकडे जमीन आजोबा-पणजोबांच्या नावावर असते, हिस्सेदार मुंबईला असतात, आणि एकट्याने सही करणारा माणूस घरातून उठतो. संमतीपत्र हा शब्द इथे मोजणीवाल्याबरोबर येतो. माझे वडील कुरिअरच्या पावतीवरसुद्धा दोनदा वाचून सही करतात. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी फॉर्मवर तोच मथळा मी स्वतःच्या हाताने टाकला. ग्रंथपाल बाईंनी सही केली, दुरुस्तीवाल्याचीही पंधरवड्याने आली. बाकी घरांतून "इचारून सांगतंय" एवढंच मिळालं.

सगळ्यांत मोलाचा प्रोग्राम मालवणजवळच्या एका निवृत्त गणिताच्या सरांकडे होता. सरांचं घर ख्रिश्चन वाडीत, बहीण गोव्यात, दोन भाऊ मुंबईत. निवृत्तीनंतर ते स्वतः प्रोग्रामिंग शिकले आणि त्यांनी भरती-ओहोटीचा प्रोग्राम लिहिला. भरतीच्या छापील वेळा मोठ्या बंदराच्या असतात. छोट्या खाडीच्या तोंडाशी पाणी मागाहून चढतं, कुठे दहा मिनिटं, कुठे पाऊण तास, आणि उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला वेगळं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला वेगळं. चुकीच्या वेळेला होडी आत घेतली की ती तोंडाशी साठलेल्या वाळूवर बसते, आणि मागची लाट ती आडवी करते. सरांनी वर्षानुवर्षं अकरा खाड्यांवरच्या मच्छीमारांना विचारून हा फरक टिपला होता. त्याचं एक कोष्टक प्रोग्रामच्या पोटात होतं. असं कोष्टक दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आजही नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पडवीत खाडीपलीकडचे एक रापणकर काका दुसऱ्या दिवसाचं पाणी विचारायला बसले होते. सरांनी आतून येऊन वेळ सांगितली, काकांनी मान हलवली आणि मगच चहाला हात लावला. मी संग्रहाबद्दल सांगितलं. माझं ठरलेलं भाषण होतं: रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं जाळं, त्याच्या दोरीला जो हात लावतो त्याला माशाचा वाटा मिळतो, सॉफ्टवेअरचंही तसंच असायला हवं.

सर म्हणाले, "बरा सांगतंस. घेवन जा."

इतकं सोपं होतं ते. मी पिशवीतून फॉर्म काढला.

त्यांनी तो उत्तरपत्रिका तपासावी तसा वाचला. खिशातलं लाल पेनही काढलं. "सदर, सदर, सदर. तीनदा इला. दोन मार्क कापलंय." काका हसले. मग सरांनी पेनाला टोपण लावलं. "ह्या मात्र भावंडांका दाखवूक व्हया."

"सर, प्रोग्राम तुमचा एकट्याचा आहे."

"डोंगराकडची जमीनय एकट्याचीच होती गो, माझ्या थोरल्या भावाची. तेणां एकट्यान सही केल्यान. बारा वर्सां आमी एका टेबलार जेवलंव नाय. त्येच्या मरणाक गेलंव, ता पयला." ते हे अगदी सहज बोलले. "तेव्हापासून ह्या घरात कोण एकटो सही करणा नाय. माझी पेन्शनची पेपरांसुद्धा बहिणीन बघितल्यान."

मी व्याख्यान दिलं. बौद्धिक श्रम, लेखकाचा हक्क, सगळं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि काकांकडे बोट केलं. "हे बसले आसत. हेंच्यासमोर सांगतंय, ह्या सगळ्यांचा आसा, कोणीय वापरा. चलात?"

"तोंडी चालत नाही."

तेव्हा काका बोलले, "रापणीत सही कोण घेता गो, चेडवा?"

मला राग आला. आज कळतं की राग येण्याचं कारण त्यांचा प्रश्न बरोबर होता, हेच.

"दुसरो काय उपाय?" सरांनी विचारलं.

उपाय होता. प्रोग्रामच्या फाइलीत अगदी वर सरांनी एक ओळ टाइप केली असती, हे सगळ्यांसाठी खुलं आहे, खाली स्वतःचं नाव, तर काम झालं असतं. आमच्या संग्रहाचा नियमच तसा होता. कागदाचा आग्रह माझा, नियमाचा नव्हे. संगणक आतल्या खोलीत चालू होता. पाच मिनिटं लागली असती. मी म्हणाले, "उपाय नाही, सर." का म्हणाले? मला सही हवी होती. मी सह्या गोळा करणारी होते.

कागद मुंबईला गेला. एका भावाने तो दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने गोव्याला बहिणीकडे. धाकट्या भावाचा मला फोन आला.

"तुम्ही कुठल्या कंपनीच्या?"

"कंपनी नाही. आम्ही लोकांसाठी करतो."

"फुकट कोण काय करतं हो? उद्या कुणी हे विकलं तर?"

"विकू देत! फुकट मिळतंय ते विकत कोण घेणार?"

"हे बघा, माझ्याशी आवाज चढवू नका," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पावसाळा संपून होड्या पाण्यात गेल्या, तरी कागद परत आला नाही. तेव्हा मी जे मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. 'ज्ञानावर बसलेली माणसं' असा मथळा दिला. लोकांनी सांगितलेलं समुद्राचं गणित घरात दडवून ठेवणाऱ्यांना मी त्यात जाब विचारला. नाव कुणाचं घातलं नाही. गावागावांच्या ग्रुपवर ते संध्याकाळपर्यंत पोचलं.

पुढच्या आठवड्यात सरांकडे गेले तर त्यांनी नेहमीसारखी खुर्ची पुढे केली.

"लिवलंस ता वाचलंय."

"त्यात तुमचं नाव नाही, सर."

"नाव कशाक व्हया? समुद्राचा गणित ह्या तालुक्यात आनी कोण करता?" "भाषा चांगली आसा तुझी. जोर आसा. माणूस खंय आसा, ता जरा बघून मार." मग म्हणाले, "कागद फिरान इलो काय मी सही करतलंय. सांगलंय ता सांगलंय."

माफी मागावी असं मला त्या क्षणी वाटलं नाही. काम होतंय याचंच बरं वाटलं.

नाताळाच्या अगोदर सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नाताळाला सगळी भावंडं घरी जमली, आणि मला धाकट्या भावाने स्वतःहून बोलावलं. कागद तयार होता. तीन सह्या, तिन्ही भावंडांच्या. माझ्या पत्रकाचा विषय त्यांनी काढला नाही. भाऊ एवढंच म्हणाला, "त्याची इच्छा होती. तुम्ही आलात तेव्हापासून फोनवर तेच बोलायचा."

सरांची रेघ रिकामी होती. डाव्या हाताने जमतं का पाहिलं, पेन घसरलं. बहीण म्हणाली, "अंगठो घेवया." तिने बँकेच्या कामासाठी आणलेला शाईचा पॅड काढला. सरांनी वाडीवाडीत प्रौढांचे वर्ग चालवले होते. या खाडीवरच्या कितीतरी बायका अंगठा सोडून सही करायला लागल्या त्या त्यांच्यामुळे. बहिणीने त्यांचा डावा हात उचलला. त्यांनी मूठ मिटली. तिने हळूच अंगठा सोडवायचा प्रयत्न केला, त्यांनी मूठ आणखी आवळली आणि भिंतीकडे तोंड केलं.

ते अंगठ्याला नाही म्हणत होते, की मला, ते मला माहीत नाही. विचारायची सोय राहिली नव्हती. भाऊ म्हणाला, "कॉपी करून न्या हो, कोण बघतंय!" मी नेली नाही. हा मोठेपणा नव्हे. त्या मिटलेल्या मुठीसमोर मला संगणकाच्या खोलीत पाय टाकवला नाही. सर मार्चमध्ये गेले. त्यांच्या मागे घर बंद झालं, आणि संगणक मुंबईला नेला की दिला कुणाला, ते मला कळलं नाही.

भरतीचं मूळ गणित पुस्तकांत असतं. ते मी शिकले आणि प्रोग्राम नव्याने लिहिला. तो आज आमच्या संग्रहात आहे. त्यातलं खाड्यांचं कोष्टक मात्र पुन्हा गोळा करावं लागणार होतं, म्हणून मी एकेका खाडीवर जायला लागले. या वेळी कागद नेला नाही.

काका रापणीची दोरी गुंडाळत होते. मी विचारलं, तुमच्या खाडीच्या तोंडाला उधाणाचं पाणी बंदरापेक्षा किती मागाहून चढतं?

"ता आमी सरांका सांगलेला."

"माका परत सांगाल?"

"सर वीस वर्सां येत होते. चुकला काय परत येत, परत इचारीत. आमी एक दिस नाय सांगूक." त्यांनी दोरीचा वेढा खांद्यावर घेतला. "तुझ्याकडे मोबाइलात काय आसा ता बघ."

त्यांच्यामागून मी पुळणीवर थोडी चालले. ते थांबले नाहीत. अकरांपैकी तीन खाड्यांचे आकडे मला मिळाले आहेत, तेही भांगाचे, उधाणाचे नाहीत. बाकीच्या रकान्यांत मी 'माहिती नाही' असं लिहिलं आहे, म्हणजे कुणी त्या भरवशावर होडी आत घालू नये.